नवाहो बाईचा शब्द

स्टुलावर चढलेल्या निनादला छायाबाईंनी हातानेच थांबवले आणि चित्राखाली आपला तळवा धरला.

"फ्रेम भिंतीला घासू देऊ नकोस. सरळ खाली घे."

निनाद दुबईतल्या एका बँकेत मोठा साहेब होता. पण या घरात आईने सरळ म्हटले की तो सरळच चाले. चित्र जेवणाच्या टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर विसावले. शेजारी ॲम्ब्रोज डाबरे भिंग पुसत उभे होते. मूळचे वसईचे, दुबईतल्याच एका लिलावगृहात जुन्या वस्तूंची किंमत ठरवणारे. चित्र लिलावगृहाच्या रास अल खोरमधल्या गोदामात पाठवा, असे त्यांनी फोनवर सुचवले होते. "माणूस इकडे येईल, चित्र तिकडे जाणार नाही," एवढे बोलून छायाबाईंनी फोन ठेवला होता.

यजमान न्यू मेक्सिकोत खाणीवर इंजिनिअर असताना छायाबाईंनी तिथल्या नवाहो आदिवासींची वाळूची चित्रे जमवली. त्यांतले हे सर्वांत मोठे. चार दिशांना मका, घेवडा, भोपळा आणि तंबाखू, आणि त्यांना तीन बाजूंनी कवेत घेणारे इंद्रधनुष्य. सगळे रंगीत वाळूचे, फळीवर चिकटवलेले.

डाबऱ्यांनी बाकीची चित्रे भराभर पाहिली होती. या चित्रावर मात्र ते बराच वेळ वाकून राहिले, फोनवरचे तशाच चित्रांचे फोटो मोठे करून ताडून पाहत राहिले.

"मावशी, असा पीस मी पाहिला नाही," ते अखेर म्हणाले. "हे लोक विधीसाठी जमिनीवर चित्र काढतात, आजारी माणसाला त्यावर बसवतात आणि मग सगळं पुसून टाकतात. विकायचं असेल तर मुद्दाम काहीतरी बदलतात. एखादा रंग, एखादं पान. देवाचं खरं रूप विकायचं नसतं ना. पण यात चेंजच नाही. अबूधाबीचा एक क्लायंट असंच शोधतोय. चाळीस हजार दिर्हम कुठे गेले नाहीत."

"म्हणजे जवळजवळ दहा लाख रुपये," निनाद म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"बदल आहे," छायाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या नवाहो बाईने माझ्यादेखत काढलं हे. मी जन्माची रांगोळी काढणारी. तिची चिमूट बघत शेजारी मांडी घालून बसले होते. चित्र माझ्या हातात देताना म्हणाली, यात एक गोष्ट मी बदलली आहे."

"पण कुठे, ते तुम्हाला माहीत आहे?"

"चित्र माझ्या घरातलं आहे, डाबरे."

डाबऱ्यांनी पुन्हा भिंग लावले, पुन्हा मान हलवली. "मला खरंच दिसत नाही. मी दाखल्यावर 'नो चेंज' लिहिलं तर त्यात खोटं काही नाही."

"तुमच्या भिंगाला दिसला नाही, असं लिहा. बदल नाही, असं लिहायचं नाही."

"मग तो घेणार नाही. चार हजारही मुश्किल."

"आई, अगं लिहू दे ना," निनाद म्हणाला. "कोणाचं काय बिघडतं?"

छायाबाईंनी पदर सावरला. "त्या कागदाने ती बाई देवाचं रूप विकून खाणारी ठरेल. तिची ही बदनामी माझ्या दारातून बाहेर पडणार नाही. चित्र भिंतीवर लाव."

"खलास," निनाद पुटपुटला आणि स्टुलावर चढला.

डाबऱ्यांनी भिंग खिशात ठेवले. "मावशी, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं अजून मिळाली तर आमचं दुकान बुडेल."

"बुडू द्या. चहा घेतल्याशिवाय मात्र जायचं नाही."

चहा झाला. डाबरे गेले. निनाद त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला, तशी इतका वेळ सोफ्यावर बसून सगळे ऐकणारी नात शुभ्रा चित्रासमोर येऊन उभी राहिली.

"सो व्हेअर इज इट, आजी?"

छायाबाईंनी दाराकडे एकवार पाहिले.

"माझा चष्मा आण आतून," त्या म्हणाल्या. "आणि तू भोपळ्यापासून सुरुवात कर. मका आणि घेवडा माझे पाहून झाले आहेत."