साडेसात फुटांचा पूर्वज

चार हजार वर्षांपूर्वी या भागात पहिल्यांदा शेती करायला बसलेल्या माणसांपैकी एक साडेसात फूट उंच होता, हा शोध उत्खननाच्या प्रमुख सरांनी हाडं न मोजता लावला. डोकं-खांदे एका खड्ड्यात निघाले, पाय शेजारच्या खड्ड्यात, आणि मधला सगळा ऐवज दोन खड्ड्यांमधल्या न खणलेल्या मातीच्या बांधात. डोक्याकडचे दोन फूट, बांध सव्वातीन, पायाकडचे सव्वादोन. सरांनी बेरीज केली आणि दहाव्या दिवशी सकाळी अकराला यायचं पत्रकारांना सांगून मोकळे झाले.

पत्रकावर पहिलं नाव दातबाईंचं. मेलेल्याचं वय त्या नुसत्या दातांवरून सांगायच्या, म्हणून खणणारे मजूर त्यांना दातबाई म्हणत. सरांनी त्यांचं नाव वर घातलं ते काही मन मोठं म्हणून नव्हे. हसं झालंच तर पहिल्या नावाचं आधी होतं, एवढी अक्कल सरांना होती.

आणि हसं होणार होतं. डोकं दातबाईंच्याच खड्ड्यातलं. कवटी आटोपशीर, दात पार झिजलेले. ही कुणीतरी ठेंगणी म्हातारी आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"सर, एवढंसं डोकं आणि साडेसात फूट?"

"लहान डोक्याची उंच माणसं मी आपल्या खात्यात रोज बघतो," सर म्हणाले. "आणि बांधाला हात लावायचा नाही. मातीचे थर त्यातच वाचायचेत."

पायाच्या नडगीचं माप मिळालं असतं तर सरांचं तोंड बंद झालं असतं. पण घोडं तिथेच अडलं होतं. पायाकडचा खड्डा दातबाईंच्या नवऱ्याचा, आणि नवऱ्याशी अकरा दिवस अबोला.

शेतकरी बांधावरून भांडतात, यांचं भांडण चुलीवरून. चूल घरची नव्हे, खड्ड्यातली. दातबाईंनी महिनाभर कुंचल्याने एकेक कण झाडून ती मोकळी केली होती. नवऱ्याने फोटोसाठी तिच्यावरचं प्लॅस्टिक काढलं आणि परत घालायचं विसरला. रात्री एक कुत्री तिच्यात ऐसपैस झोपली, सकाळी चुलीचा भुगा. वर हा शहाणा म्हणतो काय, "चार हजार वर्षं टिकली, हे काय कमी आहे?"

आपण होऊन आधी बोलणं दातबाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. पण वीस वर्षं खपून मिळवलेलं नाव एका राक्षसापायी मातीत जाणार, हे त्याहून जिवावर आलं. पत्रकार यायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला त्या बांधाशी जाऊन उभ्या राहिल्या. रागात असल्या की त्या नवऱ्याला अहो-जाहो करत.

"तुमच्याकडची नडगी किती भरली?"

नवऱ्याने वही न उघडता सांगितलं, "साडेबारा इंच."

साडेबारा इंच नडगीचा माणूस जेमतेम सव्वापाच फुटांचा.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"आठ दिवस झाले."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, आधी माझी चूल मोडलीत, आता राक्षसही मोडलात."

दातबाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं, कारण इतक्या स्वस्तात सोडायचा त्यांचा विचार नव्हता.

दोघं मिळून सरांकडे गेली. सरांनी माप दोनदा वाचलं, चहा अर्धा टाकला आणि म्हणाले, "पाडा बांध. उद्या नाक कापून घेण्यापेक्षा बरं." मग बांधाचं चित्र काढून झालं, फोटो झाले, आणि हाडांवरचा तेवढा तुकडा नवरा-बायको दोन्ही बाजूंनी खरवडत निघाली. कामापुरतं बोलणं चालू होतं: घमेलं दे, सावली पडतेय, सरक.

चारच्या सुमाराला राक्षसाची दोन माणसं झाली. म्हातारी पाय पोटाशी घेऊन निजलेली, तिच्या मागे एक पुरुष कुशीवर, पाय सरळ सोडून. तिचं तोंड एका भिंतीकडे, त्याचं दुसऱ्या. पाठीला पाठ.

नवऱ्याने मातीच्या रंगावर बोट ठेवलं. पुरुषाला पुरलेला खड्डा जुना होता. तो पार बुजून, वर घरातली जमीन सारवून झाल्यावर, कितीतरी वर्षांनी ती जमीन फोडून म्हातारीला नेमकी तिथेच आणलेली.

"बहीण-भाऊ असतील," सर म्हणाले.

"नवरा-बायको," दातबाई म्हणाल्या. "राग गेला नव्हता तिचा. पण जागा तीच हवी होती."

"पुरावा?"

"अकरा दिवसांचा अनुभव."

सरांनी पत्रक नव्याने लिहिलं आणि आता खात्री पटल्यामुळे स्वतःचं नाव पहिलं घातलं. दातबाईंनी त्यांच्याच पेनाने वर दोन नावं लिहिली, आपलं आणि नवऱ्याचं.

सर गेल्यावर नवरा खड्ड्याच्या काठावर बसला. बराच वेळ कुंचल्याचे केस उपटत राहिला.

"चूल मी उघडी टाकली," तो म्हणाला. "आणि वर नको ते बोललो. चुकलो."

दातबाईंनी त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"मिटलं का मग?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या, आणि म्हातारीचं चित्र काढायला वही घेऊन त्याच्या पाठीला पाठ टेकून बसल्या.