बुधवारची तारीख

रुपा आगिवले गेल्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गात होती. आता ती शाळेत नाही. का नाही, ते सांगते.

मी हर्षाली विशे. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूरचं. आटगावहून आत डोंगराच्या बाजूला वळलं की आमची शाळा लागते. बारा वर्षं झाली, तिथे मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. मुलं बहुतेक आसपासच्या ठाकरवाड्यांवरची. रुपा त्यातल्याच एका वाडीवरून चार किलोमीटर चालत यायची. वाचन इतकं स्वच्छ की कुठलंही पत्रक आलं की आम्ही तिलाच वाचायला उभं करायचो. परिपाठाला संविधानाची उद्देशिकाही तीच म्हणायची. एकदाही अडखळली नाही.

तिचा बाप धाऊ. पावसाळ्यात भात लावायचा, बाकीचे महिने मिळेल त्या कामावर जायचा. त्या उन्हाळ्यात तो पाण्याची मोठी लाइन टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे खोदाईला होता. डिसेंबरात त्या कामावरची तांब्याची केबल चोरीला गेली. कामावर कोण कोण होतं त्याची यादी निघाली आणि यादीत धाऊचं नाव निघालं.

शनिवारी दुपारी तो खळ्यावर भात झोडत होता. जीप आली. दोघे उतरले. "साहेबांनी बोलावलाय. तासाभरात सोडतो." धाऊनं हातातला पेंढा खाली ठेवला, पायजम्याचा भुसा झटकला आणि गेला. बायको गिरजा तिथेच उभी होती. तासाभरात येतो म्हणाले, म्हणून तिनं त्याचं जेवण झाकून ठेवलं.

तो रात्री आला नाही. रविवारीही आला नाही.

रविवारी मायलेकी चौकीवर गेल्या. शहापूरला उतरून दुसरी गाडी पकडायची. तिथे त्यांना पायरीवर बसवलं. आतला हवालदार बाहेर आला की गिरजा उठून उभी राहायची. तो म्हणायचा, "चौकशी चालूय. बसा." संध्याकाळी म्हणाला, "आता जा, उद्या या." कशासाठी धरलंय, हेसुद्धा कोणी सांगितलं नाही. केबलची गोष्ट त्यांना चहावाल्याकडून कळली.

सोमवारी रुपा शाळेत आली होती. परिपाठाला उभी राहिली, उद्देशिका म्हणाली. मी तिच्यापासून पाच पावलांवर होते. मला काहीही दिसलं नाही. दुसऱ्या तासाला म्हणाली, "मॅडम, पोटात दुखतंय, घरी जाऊ?" मी जा म्हटलं. ती चौकीच्या पायरीवर जाऊन बसली.

मंगळवारी त्यांना धाऊ दिसला, पाच मिनिटं. त्याला भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. गिरजानं भाकरी पुढे केली, ती त्यानं घेतली पण खाल्ली नाही.

बुधवारी सकाळी हवालदारानं रुपाला आत बोलावलं. "शाळेत जाते ना? वाचता येते? मग इथं सही कर." एक छापील कागद होता, मधल्या जागा पेनानं भरलेल्या. रुपानं उभ्या उभ्या तो सगळा वाचला. सदर इसमास आज रोजी, बुधवारी, सकाळी दहा वाजता अटक करण्यात आली असून त्याबाबत त्याच्या मुलीस कळवण्यात आले आहे.

"साहेब, तारीख चुकली," ती म्हणाली. "माज्या बाला शनवारी आणलाय."

हवालदार ओरडला नाही. तो हसून म्हणाला, "अगं, कागद बनतो त्या दिवसाची तारीख टाकतात. सही केल्याशिवाय त्याला कोर्टात नेता येत नाय. कोर्टात नेल्याशिवाय सुटत नाय. बापाला सोडवायचाय ना?"

रुपानं सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वळणदार अक्षरात.

गुरुवारी धाऊला कोर्टात उभं केलं. पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का, असं त्याला विचारलं गेलं. तो नाही म्हणाला. त्याला तुरुंगात पाठवलं. तिथे त्याचं पोट फुगायला लागलं, मग त्याला दवाखान्यात हलवलं आणि कोर्टात नेल्यानंतर दहाव्या दिवशी तो गेला.

तोवर मला काही माहीत नव्हतं. शुक्रवारपासून रुपा पुन्हा वर्गात येत होती, मागच्या बाकावर बसत होती. एकदा विचारलं तर म्हणाली, "बा आजारी हाय." चोराची पोर म्हणतील, म्हणून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मयताची बातमी आली तेव्हा मी आणि मुख्याध्यापक वाडीवर गेलो. तिथे गिरजानं सगळं सांगितलं.

माझा मामेभाऊ रविंद्र शहापूरच्या कोर्टात वकिली करतो. दहावं झाल्यावर मी दोघींना त्याच्याकडे घेऊन गेले.

"मावशी, धाऊभाऊंना नेलं कधी?" त्यानं विचारलं.

"शनवारी. दुपारचं."

"आणि कोर्टात उभं केलं?"

"गुरवारी."

रविंद्रनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "धरल्यापासून चोवीस तासांच्या आत माणसाला कोर्टापुढे न्यावं लागतं. कशासाठी धरलं ते सांगावं लागतं. वकील भेटू द्यावा लागतो. हे संविधानातच लिहिलेलं आहे. रविवारी तुम्ही कोणाही वकिलाला नुसता फोन केला असता ना मावशी..."

"वकिलाला द्यायला आमच्याकडं काय व्हता?"

"तुम्हाला वकील फुकट मिळतो. इथेच, कोर्टाच्या आवारात, त्याची खोली आहे."

गिरजानं खिडकीबाहेर पाहिलं. "ह्याच गेटासमोर आमी रोज गाडी बदलत व्हतो," ती म्हणाली. "चार दिस."

रुपानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

धाऊच्या मृत्यूची चौकशी सुरू झाली. डॉक्टरांच्या अहवालात लिहिलं होतं, पोटातल्या आणि पाठीवरच्या जखमा मरणाच्या आधी तेरा-चौदा दिवसांच्या. म्हणजे रविवार, सोमवार. रविंद्रला वाटलं, आता सगळं उघड आहे. पण पोलिसांनी तो कागद पुढे केला. अटक बुधवारची. रविवारी, सोमवारी हा इसम आमच्या ताब्यातच नव्हता. जखमा कुठून आल्या, आम्हाला ठाऊक नाही. आणि खाली मुलीची सही.

चौकशी करणाऱ्या मॅजिस्ट्रेट बाईंनी रुपाला कागद दाखवला. "ही सही तुझी?"

"माझी."

"वाचून केलीस?"

"वाचून केली."

"मग?"

"तारीख खोटी हाय. मला तवाच कळलं होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच स्पष्ट होता. "सही नाय केली तरी चालते, हे नव्हतं कळलं."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. बाहेर आल्यावर रविंद्र म्हणाला, छान बोललीस. रुपा व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेजारी बसून गिरजा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "उगी गो, उगी," एवढंच ती म्हणत होती.

त्यानंतर रुपा शाळेत आलीच नाही. पूर्वपरीक्षा गेली, बोर्डाची परीक्षा गेली. मार्चमध्ये गिरजा तिला घेऊन मुरबाड तालुक्यात भावाकडे राहायला गेली.

मे महिन्यात मी तिला भेटायला गेले. मामाच्या घरामागे ती कुक्कुटपालनाच्या शेडमधून नुकतीच आली होती, हातपाय धूत होती. मी सतरा नंबरचा फॉर्म नेला होता, बाहेरून दहावी देता येते म्हणून. तिनं तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"तुझी काही चूक नाही रुपा," मी म्हणाले. हे मी घरून ठरवून आले होते.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "सहीचं आता तेवढं नाय वाटत. दुसरंच हाय."

मी फॉर्म पिशवीत ठेवला.

"मंगळवारी बा दिसला ना, तवा आई भाकरी सोडत व्हती. मी त्याला हळूच इचारलं. बा, तू खरंच नेली का रे केबल?"

शेडमध्ये कोंबड्यांचा कालवा चालला होता. तिनं ओले हात ओढणीला पुसले.

"सातवीला असताना रेश्मानं तुमाला इचारलं व्हतं, पोलिसांनी धरलं तर काय करायचं. तुमी बोललात, चांगल्या माणसाला पोलीस कशाला धरतील? सगळे हसले. मी पण हसले. चार दिस त्या पायरीवर बसून मी तेच धरून व्हते. धरलंय म्हणजे केलं असंल. बानं माझ्याकडं बघितलं नुसतं. नाय पण नाय बोलला."

मला तो तास आठवला. मूलभूत हक्कांचा धडा होता आणि शनिवार असल्यामुळे शाळा लवकर सुटायची होती. मी मुलांकडून सहा हक्कांची नावं पाठ करून घेतली, रिकाम्या जागा भरून घेतल्या. रेश्माचा प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला होता. माझ्या घरात कधी कोणाला पोलिसांनी धरलेलं नव्हतं.

"रुपा, चुकले मी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. ती हो होती की असू दे होतं, ते मला कळलं नाही. मग तिनं चहा ठेवला. आम्ही दोघींनी तो प्यायला. निघताना ती रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मॅडम, आता पोरांना सांगता का?"

"सांगते."

"सगळं सांगता? माझं पण?"

"तुझं नाव घेत नाही."

"घ्या," ती म्हणाली. "नाव घेतलं तर त्यांच्या ध्यानात राहील."

जूनपासून मी आठवी, नववी, दहावीच्या मुलांना दर शनिवारी शेवटच्या तासाला एकत्र बसवते. पोलीस आले तर काय विचारायचं, कुठला कागद सही न करता परत द्यायचा, फुकट वकील कुठे बसतो, बाई असेल तर काय, मूल असेल तर काय. मुख्याध्यापक पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, पोर्शन मागे पडतोय." मी म्हटलं, पडू दे. आता तेही दारात उभे राहून ऐकतात. मुलं इतके प्रश्न विचारतात की घंटा झाली तरी उठत नाहीत. कोणाच्या भावाला नेलेलं असतं, कोणाच्या चुलत्याला. इतकी वर्षं हे प्रश्न घेऊन ही मुलं माझ्यासमोर बसत होती.

चौकशीचा अहवाल अजून आलेला नाही. हवालदाराची बदली झाली. केबल कोणी नेली, ते सापडलेलं नाही. गिरजा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुरबाडहून येते, कोर्टातल्या कारकुनाला विचारते, आणि तो नाही म्हणाला की परतीच्या गाडीला जाऊन बसते. रुपा तिच्यासोबत येत नाही.