मुंगीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला पाहायला चौकटीकडे जाऊ नका. मी घराच्या पायऱ्यांवर पालथा पडलो आहे, आणि माझे उत्तम चालले आहे.

सुतारकाकांनी मला सागवानातून घडवले आणि मागच्या खोलीला बसवले. तिथे माझ्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसे. मग एका दुपारी ताईने ओढणीत गुंडाळून ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचे एक मादी पिल्लू आणले. आईने तिचे नाव ठेवले मुंगी. वर्षभरात मुंगी वासराएवढी झाली. नवा पाहुणा आला की बाबा साळसूद चेहऱ्याने म्हणत, घाबरू नका, घरात फक्त एक मुंगी आहे. आत डोकावल्यावर पाहुणा दारातच बोलणे उरकी.

तिने शेपूट हलवली की टेबलावरच्या कपबश्या जीव मुठीत धरत. प्रेमाचे भरते आले की ती माणसाला अंग टेकून उभी राही. मागे भिंत असली तर माणूस भिंतीला टेके, नसली तर जमिनीला.

एवढ्या मोठ्या कुत्र्याने भरल्या पोटी उड्या मारल्या, तर पोटाला पीळ पडून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिला: जेवणानंतर तासभर विश्रांती. इथे माझा भाव वधारला. मुंगी जेवली की मागच्या खोलीत, आणि मी बंद. ती आतून मला पंजांनी ओरखडत राही. "दरवाजा आहे का किसणी?" असे म्हणून आई कपाळाला हात लावी. मला मात्र आपण कुणाची तरी राखण करतो आहोत, याचे अप्रूप वाटे.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांना म्हातारपणही लवकर गाठते. सातव्या वर्षी मुंगीचे मागचे पाय थरथरू लागले. उड्या थांबल्या, तशी माझी गरजही संपली. एकदा वळताना ती माझ्यावर धडपडली, म्हणून बाबांनी मला बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवले. आता आपली रवानगी सरपणात, असे मी धरून चाललो.

अंगणात जायला तीन पायऱ्या होत्या. मुंगीला त्या उतरवेनात. बाबा आणि ताई चादरीची झोळी करून तिला खाली नेत, आणि एके सकाळी बाबांची कंबरच धरली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले की ती रोज आपल्या पायांनी चालली नाही, तर उरलेली ताकदही जाईल आणि मग ती उठायचीच नाही. त्या दिवशी कुणाला घास गोड लागला नाही.

तेव्हा ताईची नजर माझ्यावर पडली. मला पायऱ्यांवर आडवे टाकले की झाला उतार! सुतारकाका आले. चार माणसे येतात-जातात, तेव्हा ओरखडे खाली आणि चांगली बाजू वर, असे आईने बजावले. काकांनी असे पॉलिश केले की आईने माझ्यात बघून केस सारखे केले. मीही फुगलो.

मुंगीने पहिला पंजा टाकला आणि सर्रकन घसरून छातीवर आपटली. मग ती माझ्याजवळ येईना. बाबांनी उकडलेले अंडे पुढे धरले. तिने नुसती मान लांबवून ते गट्ट केले. पाय जागचा हलला नाही.

ताई चप्पल काढून माझ्यावर उभी राहिली आणि तीही घसरली.

"बाबा, तिच्या पायांचं राहू द्या बाजूला," ती कंबर चोळत म्हणाली. "आपलं पॉलिश नडतंय."

आईने माझ्यावरून हात फिरवला. "उलटा करा त्याला," ती म्हणाली. "ओरखडे वर येऊ देत."

"आणि ती चार माणसं?" बाबांनी चिमटा काढला.

"त्यांना कुठं उतरायचंय यावरून?"

काकांनी मला फळी जोडून लांब केले, म्हणजे चढ सौम्य झाला. ओरखड्यांच्या मधे तरटाच्या पट्ट्या ठोकल्या. पण एकदा बसलेली भीती सहज उठत नाही. म्हणून ताईने मला आधी मागच्या खोलीत सपाट ठेवले. मुंगीने आपलेच जुने ओरखडे हुंगले आणि माझ्यावर पसरून घोरू लागली. मग माझ्या एका टोकाखाली वीट आली. काही दिवसांनी आणखी एक. ती चढत राहिली, उतरत राहिली.

शेवटी मला पुन्हा पायऱ्यांवर नेले. मुंगी वर थांबली. तिने पंजा टाकला. नखे जुन्या खाचांत रुतली. दुसरा पंजा, मग थरथरते मागचे पाय, आणि ती अंगणात पोहोचली! आनंदाने ती थेट बाबांना टेकली. मागे भिंत नव्हती. बाबा फुलझाडांत आडवे.

"कंबर, बाबा!" ताई धावली.

"राहू दे गं," ते झाडांतूनच म्हणाले. "तिला टेकू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी पायरीशी अडले असेल. त्याला ओढू नका, रागावू नका. आधी चप्पल काढून त्याच्या जागी उभे राहून पाहा. बरे, आता पुरे करतो. मुंगी येते आहे, आणि ती आली की मला अंग ताठ धरावे लागते.