कप्तानाची खुर्ची

माणसाने जिद्द धरली, तर त्याला खुर्चीपासून कोणीही रोखू शकत नाही. माझ्या सासऱ्यांना मात्र पाण्याने रोखलं.

ते प्रवासी बोटीवर तिकीट तपासायचे. कप्तानाच्या खुर्चीत एकदा बसायची त्यांची फार इच्छा, पण कप्तानाने त्यांना केबिनमध्ये कधी पाऊलही ठेवू दिलं नाही. पुढे ते निवृत्त झाले, बोटही झाली, आणि तिच्यावर प्रवाळ वाढावं म्हणून ती समुद्रात बुडवण्यात आली. सासरे लगेच डायव्हिंग शिकायला गेले.

"अहो, या वयात?" सासूबाई म्हणाल्या.

"आता तिथं हटकणारं कोणी नाही."

सोबत मीही उतरलो. केबिनमध्ये माशांची वर्दळ होती, पण खुर्ची शाबूत होती. सासरे ऐटीत टेकले आणि अलगद वर तरंगले. पुन्हा टेकले, पुन्हा तरंगले. शेवटी प्रशिक्षकाने त्यांचे दोन्ही खांदे दाबून धरले, तेव्हा कुठे मला फोटो काढता आला.

सासूबाईंनी तो नीट न्याहाळला. "पोलिसांनी धरलंय का तुम्हाला?"

"बसलोय मी," सासरे म्हणाले आणि फोटो घेऊन थेट कप्तानाच्या घरी गेले.

कप्तानाने फोटोचं कौतुक केलं. ते स्वतः त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. बोट उभ्यानेच चालवायचे.