रॅमची पट्टी

निवृत्त झाल्यापासून सासरे अंध मुलांसाठी घरीच गोष्टी वाचून रेकॉर्ड करत. त्या सकाळी त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर आतून नुसती पीं पीं झाली आणि स्क्रीन काळीच राहिली. निम्मी गोष्ट अजून वाचायची राहिली होती. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मी बघू का?" सुनेनं विचारलं. लग्नाला वर्ष होत आलं, तरी दोघांचं बोलणं चहापाण्यापुढे गेलं नव्हतं.

"तुम्हाला येतं हे?"

तिनं वायर काढून कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गादीच होती. ती झाडताना दोघंही शिंकून बेजार झाली. मग तिनं रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवरून हलकेच खोडरबर फिरवला आणि ती परत बसवली.

"दाबा बटण, बाबा."

स्क्रीन उजळली. "अगं, चालू झाला की! कमाल आहेस तू!" सासरे ओरडले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे, तुम्ही..."

"तूच म्हणा हो."

कॉम्प्युटरचा वेग वाढावा म्हणून संध्याकाळी दोघांनी जाऊन आणखी एक रॅम आणली. ती मात्र तिनं त्यांनाच बसवायला लावली. पट्टी कट्‌कन बसली, तसे ते दचकले.

"मोडलं काहीतरी!"

"नाही बाबा, नीट बसली."

मग ते वाचायला बसले. राजा झकास जमला, पण भांडकुदळ राणीचा आवाज काही केल्या जमेना. त्यांनी माइक सुनेकडे सरकवला.

"हिचं तू वाच."

आणि सुनेनं सासऱ्यांशी मनसोक्त भांडून घेतलं.