संध्याकाळचं माप

"सकाळी अगदी फुलासारखा बसतो हो. दुपारचे तास सुरू झाले, की हाड आत टोचायला लागतं," शाळेच्या बाई म्हणाल्या. कृत्रिम पाय काढून त्यांनी टेबलावर ठेवला. ही त्यांची तिसरी खेप होती.

मिलिमीटरकाकांनी गुडघ्याखाली उरलेल्या पायाचे घेर पुन्हा घेतले. सगळे तक्त्यातल्या मापांशी तंतोतंत जुळले.

काका या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेतले आरेखक; मापांच्या काटेकोरपणामुळे त्यांचं नाव पडलं मिलिमीटरकाका. बावीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात पाइपांची ड्रॉइंग काढली. कारखाना बंद पडला, तेव्हा पन्नाशी उलटली होती. इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना ठेवून घेतलं, शेजारी बसून नवं सॉफ्टवेअर शिकवलं. त्यात पायाचं मूळ मॉडेल एकच. प्रत्येक माणसाची मापं डेटाबेसमध्ये एका ओळीत भरायची. ओळ बदलली, की पडद्यावरचा पाय आपोआप त्या माणसाचा होई. पूर्वीचं तीन दिवसांचं काम आता जेवणाच्या सुट्टीआधी उरके. या वयात कुणी आपल्याला नव्याने शिकवलं, याचं काकांना अजून अप्रूप वाटे.

"आकडे बरोबर आहेत, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मॉडेलही चोख आहे. काहींना सवय व्हायला वेळ लागतो."

शाळेच्या बाईंनी मान खाली घातली. "मग बसूनच शिकवेन. फळ्याचा वरचा भाग तेवढा रिकामा राहील."

काकांनी हातातली टेप खाली ठेवली. "बाई, आज शाळा सुटल्यावर याल? घरी न जाता, पाय न काढता, सरळ इकडे."

त्या साडेपाचला आल्या. काकांनी टेप लावली, पुन्हा लावली. घेर अकरा मिलिमीटरने कमी भरला.

"म्हणजे मी वाळतेय की काय?" बाईंना हसू आलं.

"दिवसभर दाबाखाली राहून पाय बारीक होतो. मग तुम्ही आत खाली सरकता आणि हाड तळाला टेकतं. आम्ही मापं घेतो सकाळी, कारण सगळे येतातच सकाळी!"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही, काका. घाला संध्याकाळच्या मापाचा नवा रकाना."

रकाना घालणं सोपं होतं. पण दोन मापांतला फरक सहा मिलिमीटरच्या वर गेला, की मॉडेलने आपण होऊन बाजूला एक फट सोडावी, ती दोरीने आवळता यावी, हा नियम बसवायला आठ दिवस गेले. पहिल्या प्रयत्नात मॉडेलने घोट्याजवळ चक्क खिडकी पाडली. डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या.

नवा पाय मिळाल्यावर पंधरवड्याने बाई आल्या, त्या फक्त सांगायला. "काल सगळे तास उभ्याने घेतले. दुपारी दोरी जरा आवळली, बस. तुमचे आभार कसे मानू?"

"आभार मी मानायचे," काका म्हणाले. "तुम्ही तिसऱ्यांदा आला नसतात, तर मी जन्मभर बरोबर आकड्यांवर खूश राहिलो असतो."

तक्त्यात आणखी दोनशे चौदा ओळी होत्या, आणि प्रत्येकीत तो नवा रकाना रिकामा. काकांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कुणी म्हणे, चाललंय ठीक. कुणी पाय घालणंच सोडलेलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी एक म्हातारे माळी आले. दोन वर्षं पाय कपाटात होता; फोनवर सांगितलं म्हणून त्यांनी तो सकाळपासून घातला होता. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. काका हात द्यायला उठले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

बसल्यावर ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. इतरांना जमतं, मलाच जमत नाही."

"तुमचं काही चुकलं नव्हतं, दादा," काका त्यांच्यापुढे जमिनीवर बसत म्हणाले. "आम्ही तुम्हाला विचारलंच नव्हतं."

माळ्यांनी पँटचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला, घडी नीट केली आणि ते मापासाठी ताठ बसले.