गल्लीच्या मापाची

मित्रांनो, मला एका जागी उभं राहवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्यात घाई दिसली तर तुम्ही रागावणार नाही. मी आहे एक पांढरी, लहानखुरी, आता बरीच जुनी झालेली गाडी. सिसिली बेटावर, कातानियाच्या विमानतळामागच्या आवारात माझा मुक्काम असतो आणि लोकांच्या हाती भाड्याने जाण्यातच माझा जन्म गेला. मला चौदा वर्षं झाली. भाड्याच्या गाडीची चौदा म्हणजे माणसाची ऐंशी समजा.

दूर उत्तरेच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा मी अशी काही थरथरले, की तपासणारा माणूस म्हणाला, "हिला कसली घाई झालीय?" ती घाई अजून गेलेली नाही. जहाजातून बेटावर आणलं तेव्हा माझी चारही चाकं साखळीने बांधली होती. त्या दोन दिवसांत मी जेवढी तडफडले तेवढी पुढे कधी तडफडले नाही.

आवाराची मालकीण नुच्चा. चष्मा कायम केसांत खोचलेला आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी आले त्या दिवशी तिने माझ्या टपावर थाप मारली आणि मला 'पिचिरिद्दा' म्हणाली. पिचिरिद्दा म्हणजे चिमुरडी. तेच माझं नाव पडलं.

नुच्चाची गाडी देण्याची रीत वेगळी होती. माणसं किती, सामान किती, हे सगळेच विचारतात. गिऱ्हाईक डोंगरावरच्या गावाला निघालेलं असलं, की नुच्चा आणखी एक प्रश्न विचारायची. "तुमच्या गल्लीत मधोमध उभं राहून हात पसरले, तर बोटं भिंतींना लागतात का?" लागत असतील तर ती माझ्याकडे बोट दाखवायची. ते बोट माझ्या दिशेने वळेपर्यंत माझा जीव खालीवर होत असे.

पहिली काही वर्षं मजेत गेली. नवी जोडपी मला समुद्राकडे घेऊन जायची, रात्री अंगाला मीठ लावून परत आणायची. एकदा शेजारच्या सीटच्या दारात वाळू शिरली आणि ती काच अडखळायला लागली. चार बोटं खाली यायची आणि अडून बसायची. दुरुस्तीवाला दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा. तो पुढचा आठवडा मी अजून पाहिलेला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यासाठीच तर मी मघापासून चुळबुळ करते आहे.

ऑगस्टचे दिवस होते. ऑगस्टात आमचे परदेशी गेलेले लोक गावी येतात. एरवी शहाणी असलेली ही माणसं तेव्हा एक वेडेपणा हमखास करतात. गावच्या चौकात उतरायचं ते मोठ्यात मोठ्या गाडीतूनच! बेल्जियमच्या खाणीत आणि कारखान्यात आयुष्य झिजवलं, पण चीज झालं, हे गावाला दिसायला नको का?

असाच एक काताल्दो आला. साठीचा, रुंद खांद्यांचा. बरोबर त्याची आई क्रोचिफिस्सा, वय वर्षं चौऱ्याऐंशी, अंगात काळा झगा, हातात काठी आणि काखेत चॉकलेटांचा डबा.

"मोठी द्या," काताल्दो म्हणाला. "सगळ्यात मोठी."

"माणसं किती?"

"दोघंच. मी आणि आई."

"दोघांना ती मोठी काळी गाडी? आत नाचायचंय का?"

"सामान आहे हो." त्याने तीन सुटकेसी दाखवल्या.

"सामान इथे माझ्याकडे राहील. गाव कुठलं?"

"मोंतेरासो."

"म्हणजे डोंगरावर. हात पसरले तर?"

काताल्दोने तिथेच ऐटीत हात पसरले. "नाही लागत. मावशीच्या दारापुढची गल्ली आहे, मी स्वतः पसरून बघितलेत. दोन्हीकडे भरपूर जागा उरते."

"कधी बघितलेत?"

"गाव सोडलं त्या वर्षी."

"तेव्हा वय किती होतं तुमचं?"

काताल्दोचे हात थोडे खाली आले. "नऊ."

"अहो, मग ते नऊ वर्षांच्या पोराचे हात! गल्ली आहे तेवढीच आहे, तुम्ही वाढलात. पिचिरिद्दा घेऊन जा."

"बाई म्हणते ते ऐक रे," आई म्हणाली.

"आई, तू थांब जरा. पन्नास वर्षांनी गावात पाऊल टाकतोय. या डबीतून उतरू? गावातला तो नीनी मास्तर काय म्हणेल?"

डबी! मित्रांनो, मला ते फार लागलं. पुढे त्याने हळूच नुच्चाला विचारलं, "मागच्या काचेवरची ती भाड्याची चिठ्ठी काढता येईल का?" नुच्चाने ती सोलून काढली आणि काळी गाडी चकाकत निघून गेली. मी उन्हात उभी राहिले. जवळच्या ज्वालामुखीची काळी राख टपावर पडत होती आणि झटकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी परत आली. एक आरसा लोंबत होता आणि दोन्ही कुशी खरवडलेल्या होत्या. काताल्दोचा चेहरा पार उतरला होता. आईच्या मांडीवर चॉकलेटांचा डबा तसाच बंद होता.

"हात पुन्हा मोजायचे का?" नुच्चाने विचारलं.

"नका हो लाजवू. ती पिचिरिद्दाच द्या. उद्या सकाळी आमचं विमान आहे."

सुटकेसी कचेरीत राहिल्या. आई माझ्या पुढच्या सीटवर बसली आणि आम्ही निघालो. काय घडलं ते मला वाटेत त्या दोघांच्या भांडणातून कळलं.

"नाकापेक्षा मोती जड," आई म्हणाली. "बेकरीच्या वळणापुढे दहा पावलं नाही गेलास आणि अडकलास."

"झालं ना आता."

"सगळा गाव बाहेर आला! नीनी मास्तर काय ओरडला? बेल्जियमने आपल्या बाटलीला बूच पाठवलंय!"

"आई, पुरे."

"भाजीवाल्याच्या तीनचाकीतून गेले असते मी वर. ती तरी जाते."

"भाजीची तीनचाकी ती! माझी आई मिरच्यांशेजारी बसणार? आणि मागच्या फळीवर चढली असतीस कशी? गुडघा वाकतो का तुझा?"

"नाही वाकत," आई म्हणाली.

हळूहळू मला सगळं समजलं. गल्लीच्या वरच्या टोकाला क्रोचिफिस्साची धाकटी बहीण अग्रिप्पिना राहत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती, खाली येणं शक्यच नव्हतं. पन्नास वर्षं दोघी दर रविवारी फोनवर बोलल्या. पण दोन वर्षांपूर्वी अग्रिप्पिनाचे कान गेले आणि फोनचा उपयोग संपला. आता समोर जाऊन हात धरण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता. काल गाडी अडकल्यावर क्रोचिफिस्सा चालत निघाली होती. नऊ पावलं चढली आणि दगडावर बसली. गावकऱ्यांनी खुर्ची आणली, खांद्यावरून नेतो म्हणाले. तिने काठी आपटली होती.

"या गल्लीतून खांद्यावरून दोघंच जातात," ती आत्ताही तेच म्हणाली. "उत्सवातला संत आणि मेलेलं माणूस. मी संत नाही, आणि मेलेही नाही अजून."

"कुणी काही म्हणालं नसतं गं."

"मी म्हणाले असते. काताल्दो, माझं हे शेवटचं येणं आहे. तुला कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर आणलीय ही डबी."

यावेळी तो शब्द मला तितकासा लागला नाही. मी चढण घेत सुटले. इंजिन तापलं, ट्रक वाटेत आले, मेंढ्या आडव्या आल्या, आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की आपण उशीर करतो आहोत.

नीनी मास्तर चौकातच उभा होता. सुतार माणूस, घडीची मोजपट्टी खिशात घेऊनच झोपत असावा. त्याने मला पुढून मोजलं, माझे दोन्ही आरसे कान मिटावेत तसे मिटले आणि जाहीर केलं, "एक मीटर अठ्ठावन्न. अग्रिप्पिनाच्या खिडकीशी गल्ली एक मीटर चौऱ्याहत्तर. खिडकी मीच बसवलीय. जाते!"

"नक्की ना, मास्तर?" काताल्दोने विचारलं.

"अरे बेल्जियम, मी तुझ्यासारखा आठवणीवरून मोजत नाही."

तो माझ्यापुढे उलट पावलांनी चालू लागला. "डावीकडे घे! डावीकडे रे, बेल्जियममध्ये डावं-उजवं बदललं का? थांब. आता सरळ. सावकाश, माझ्या मिशीएवढी जागा आहे." वरच्या सज्जांतून बायका सूचना देत होत्या, प्रत्येकीची वेगळी. भिंती इतक्या जवळून सरकत होत्या की मी श्वास रोखून धरला. मला धावायची सवय, आणि इथे वीत-वीत सरकायचं. मला ते फार जड गेलं. पण मी सरकले आणि अग्रिप्पिनाच्या घरासमोर येऊन थांबले.

काताल्दोने आनंदाने स्वतःचं दार ढकललं. ते भिंतीवर आपटलं. आईने तिकडचं ढकललं. तेही आपटलं. मास्तरने गाडी मोजली होती, गल्ली मोजली होती, पण दार उघडायला लागणारी जागा मोजायची राहून गेली होती.

सज्जांतला गलका एकदम थांबला. मास्तर मोजपट्टीकडे बघत राहिला. "घराचं दार आणखी तीन पावलं वर आहे," तो म्हणाला, "पण तिथे तर पायऱ्याच लागतात."

क्रोचिफिस्साने दारावरचा हात मागे घेतला. तिने डबा घट्ट धरला. बहिणीच्या घराची भिंत तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होती. मित्रांनो, माणसाला रडता येतं. मला तेही करता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीतल्या खिडकीची झडप उघडली. आत अग्रिप्पिनाची देखभाल करणारी शेजारीण होती, आणि खिडकीला लागूनच खाट. खाटेवर उशांना टेकलेली पांढऱ्या केसांची बाई.

"काच!" शेजारीण ओरडली. "काच खाली करा की!"

क्रोचिफिस्साने हँडल फिरवलं. काच चार बोटं खाली आली आणि अडली. तीच काच! सगळ्या उन्हाळ्यांत मला कधी वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली. काताल्दोने दोन्ही तळवे लावून काच दाबली. ती हलेना.

"तेल!" मास्तर बॉनेटवर हात आपटत ओरडला. "अगं, तेल दे!"

शेजारणीने स्वयंपाकघरातली ऑलिव्ह तेलाची बाटली खिडकीतून पुढे केली. पाव बुडवून खायचं ते तेल क्रोचिफिस्साने स्वतः माझ्या काचेच्या खाचेत ओतलं. काताल्दो दाबत होता, ती हँडल फिरवत होती, आणि मी, खरं सांगते, जीव तोडून काच मोकळी करू पाहत होते. काच कुरकुरली आणि कचकन पूर्ण खाली गेली.

क्रोचिफिस्साने हात बाहेर काढला. तो सरळ खाटेपर्यंत पोचला. गल्ली आणखी हातभर रुंद असती तर पोचला नसता.

अग्रिप्पिनाने तो हात घेतला आणि एक वाकडं बोट चाचपलं. लहानपणी बदाम फोडताना दगडाखाली सापडलेलं बोट होतं ते.

"क्रोची!" ती म्हणाली. "दगड माझ्याच हातात होता गं!"

"तुझाच होता! अजून दुखतं थंडीत!"

"काय म्हणतेस?"

"म्हटलं, म्हातारी झालीस!"

"तू काय कोवळी आहेस? आणि त्या डब्यात काय आहे?"

"चॉकलेट!"

"ऐकू येत नाही, दे इकडे!"

पुढे त्या काय बोलल्या ते मी सांगणार नाही. निम्मं तर एकीला ऐकूच येत नव्हतं. काताल्दोलाही उतरता येत नव्हतं. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. दीड तास झाला. माझं इंजिन बंद होतं, चाकं जागेवर होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठेही जायचं नव्हतं.

उलट्या चालीने खाली उतरायला निघालो, तेव्हा क्रोचिफिस्सा हात सोडेना. काताल्दोने तीनदा ब्रेक सोडला आणि तिन्ही वेळा ती "थांब" म्हणाली. चौथ्यांदा त्याच्याकडून स्टिअरिंग थोडं वळलं, माझं उजवं दार खिडकीच्या दगडी कठड्याला घासलं आणि बोटभर रुंदीचा लांब ओरखडा उठला. तेवढ्या धक्क्याने दोघींचे हात सुटले.

आवारात काताल्दोने स्वतःहून ओरखडा दाखवला आणि तो कसा उठला तेही सांगितलं. नुच्चाने चष्मा डोळ्यांवर घेतला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

त्या हिवाळ्यात अग्रिप्पिना गेली. काताल्दोने बेल्जियमहून फोन करून नुच्चाला सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "ती पिचिरिद्दा आहे ना अजून?"

आहे, मित्रांनो, पण कोपऱ्यात. वर राख साचते. काच पुन्हा चार बोटांवर येऊन अडली आहे. आता सगळ्यांनाच मोठ्या गाड्या हव्या असतात आणि नुच्चाचं बोट माझ्याकडे क्वचितच वळतं. मी अजून चुळबुळते, अजून वाटते मला घाई.

तुम्ही कधी अशा प्रवासाला निघालात, तर गाडी निवडण्याआधी एकदा हात पसरून बघा. पण ते हात आजचे असू द्या. सामान मागे ठेवता येतं, गल्ली रुंद करता येत नाही. आणि दुरुस्तीचं काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका, कारण कुठल्या दिवशी कुणाचा हात त्या काचेतून बाहेर जायचा असेल, ते आधी कुणालाच ठाऊक नसतं.

ऐकते की पुढच्या महिन्यात रंगारी येणार आहे. तुमच्यापैकी कुणी तेव्हा आवारात आलात, तर माझ्या काचेत दोन थेंब तेल घाला आणि त्याला एवढंच सांगा, बाकीची सगळी गाडी रंगव, उजव्या दारावरचा ओरखडा तेवढा राहू दे.